हप्ता तुमचा, डिपॉझिट त्यांचं

वाकड, पुनावळे, ताथवडे, महाळुंगे. रविवारी सकाळी पुण्याच्या या पश्चिम पट्ट्यात एक चक्कर मारा. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्यांपैकी बरीचशी आधीच स्वतःच्या घरात राहत असतात. ती दुसऱ्या फ्लॅटसाठी आलेली असतात. राहायला नको, भाड्याने द्यायला हवा. विक्रीवाला मुलगा चहा देतो, बाल्कनीतून डोंगर दाखवतो आणि जाता जाता सांगतो, "सर, हप्ता भाड्यातूनच निघतो."

निघत नाही. ऐंशी टक्के कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता पुण्यात भाड्यातून निघत नाही, मुंबईत नाही, ठाण्यातही नाही. हे एकदा स्वच्छ समजून घेतलं पाहिजे, कारण या खोट्या वाक्याची किंमत फक्त फ्लॅट घेणारा मोजत नाही. त्या फ्लॅटमध्ये राहायला येणारा भाडेकरू ती जास्त मोजतो.

हिशेब मांडू. फ्लॅट ८० लाखांचा, दोन बीएचके. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे देते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो रोख भरावा लागतो. इमारत बांधकामाखाली असेल तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ४ लाख. तो सोडून दिला तरी तुमच्या खिशातले जवळपास २२ लाख पहिल्याच दिवशी गेले. काही जण यातले पाच-सहा लाख पर्सनल लोन काढून भरतात. त्यांच्या बाबतीत पुढचा हिशेब वाचण्याचीही गरज नाही, त्यांनी तिथूनच मागे फिरावं.

६४ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. दरमहा हप्ता साडेपंचावन्न हजार. सध्या दर याहून कमी आहेत हे मला माहीत आहे. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा खाली आणला आणि तो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. पण वीस वर्षांचा हिशेब आजच्या दरावर मांडत नाहीत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत हाच दर ४ वरून साडेसहावर गेला होता. ज्यांनी पावणेसात टक्क्यांनी ६४ लाख उचलले होते, त्यांचा हप्ता अठ्ठेचाळीस हजार सहाशेचा होता. सव्वानऊ टक्क्यांना तोच हप्ता अठ्ठावन्न हजार सहाशेचा होतो. दहा हजारांचा फरक. बहुतेकांना तो दिसलाच नाही, कारण बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली. कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं तरी लोकांना पत्ता नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं, की दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा आणि त्याला पर्याय द्या.

आता भाडं. त्या फ्लॅटला २४ हजार मिळतात असं धरा, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, असं कागदावर. प्रत्यक्षात एक भाडेकरू जातो आणि दुसरा येतो त्यात एक महिना रिकामा जातो. एक महिन्याचं भाडं एजंट घेतो. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला साडेतीन हजार, तो बहुतेक वेळा मालकच भरतो. पालिकेचा कर चौदा हजार. हद्द पुणे महापालिकेची असेल तर स्वतः राहणाऱ्याला करात मिळणारी ४० टक्के सवलतही घर भाड्याने दिलं की जाते. गिझर बिघडतो, नळ गळतो, पावसाळ्यात खिडकीखालून ओल येते. त्याचे चौदा-पंधरा हजार धरा. वर्षाअखेरीस हातात एक लाख सत्तर हजार उरतात.

आणि हप्त्यांचे वर्षाचे सहा लाख सहासष्ट हजार जातात. म्हणजे दर महिन्याला एक्केचाळीस हजार रुपये पगारातून घालायचे.

हाच हिशेब उलटा करून बघा. एक लाख सत्तर हजार हे साडेआठ टक्क्यांनी फक्त २० लाखांचं व्याज होतं. ऐंशी लाखांच्या फ्लॅटचं भाडं वीस लाखांच्या कर्जाचं व्याज फेडू शकतं, त्यापुढच्या एका रुपयाचंही नाही. कर्ज काढून भाड्याचं घर घ्यायचं असेल तर एवढा एकच आकडा पाठ करा. किमतीच्या पाव हिश्शाहून जास्त कर्ज असेल तर फरक तुम्ही भरणार आहात.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "टॅक्स वाचतो." भाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर, मग ३० टक्के प्रमाणित वजावट आणि मग व्याज वजा होतं हे खरं. पण व्याजामुळे होणारा तोटा पगारातून वजा करायला २०१७ च्या अर्थसंकल्पापासून वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे, आणि तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून अजिबात वजा होत नाही, आणि आता नवी प्रणालीच मुळात लागू धरली जाते. आयटीतल्या ज्या मुलामुलींना हे फ्लॅट विकले जातात त्यातले बरेच नव्या प्रणालीत आहेत. कर वाचवण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटवर त्यांचा पगारावरचा एक रुपयाही कर वाचत नाही.

दुसरं उत्तर, "भाव वाढतो." वाढतोही. पण किती वाढला म्हणजे बरोबरी होते हे कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षाचं व्याज ५ लाख ४० हजारांच्या घरात. त्यातून हातात आलेलं भाडं वजा केलं की ३ लाख ७० हजार उरतात. तुमचे २२ लाख मुदत ठेवीत असते तर त्याचे दीड लाख आले असते, तेही गेले. म्हणजे फ्लॅटचा भाव वर्षाला सहा-साडेसहा टक्क्यांनी वाढला तर तुम्ही जिथे होतात तिथेच. तुमची इमारत जुनी होत असताना शेजारी नवा टॉवर उभा राहतो, आणि घेणारा आधी तिकडे जातो. विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईचा हिशेब धरून मिळणारी सूटही उरलेली नाही.

भाड्यातून कर्ज फेडण्याची ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आली. रॉबर्ट कियोसाकींचं 'रिच डॅड पुअर डॅड' १९९७ साली निघालं, मराठीतही आलं, आणि आपल्या घराघरांत पोचलं. तिथले गुंतवणूकदार एक ढोबळ नियम सांगतात, की महिन्याचं भाडं घराच्या किमतीच्या एक टक्का तरी हवं. तिथे कर्जाचा दर तीस वर्षांसाठी पक्का बांधून मिळतो. त्या नियमाने ८० लाखांच्या फ्लॅटला ८० हजार भाडं यायला हवं. वाकडला २४ येतात, आणि दर कधीही बदलतो. नियम तिथला, व्याजदर इथला, भाडं इथलं. हे जुळणार कसं?

इथपर्यंतचं नुकसान ज्याचं त्याचं आहे. मला राग येतो तो पुढच्या भागाचा. पगारातून एक्केचाळीस हजार जायला लागले की माणूस ते कुठून तरी भरून काढायला बघतो, आणि समोर सर्वांत सोपा भाडेकरू असतो.

आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक परिचारिका घर सोडून गेली. तीन वर्षं राहिली, भाडं कधी चुकवलं नाही. मालक शेवटच्या दिवशी भाच्याला घेऊन आले. भाच्याने मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याच्या भोकाचा फोटो काढला. ओट्याखालच्या कपाटाचा प्लायवूड फुगला होता, त्याचाही. तो फुगला सिंकच्या गळतीने, आणि त्या गळतीबद्दल तिने मालकांना पावसाळ्यात चार वेळा मेसेज केले होते. ते मेसेज तिने तिथेच उघडून दाखवले. मालकांनी वाचले आणि फोन परत दिला. पूर्ण घराचा रंग, सफाई, प्लायवूड, गिझरची कॉइल असं करत पंच्याहत्तर हजारांच्या डिपॉझिटमधून बत्तीस हजार कापले. ती भांडली नाही. टेम्पो खाली उभा होता आणि संध्याकाळी तिची ड्यूटी होती.

या माणसाला मी ओळखतो, तो दुष्ट नाही. त्याच्याकडे परत द्यायला पंच्याहत्तर हजार नव्हतेच. ते तीन वर्षांपूर्वीच हप्त्यात गेले होते. डिपॉझिट हे उत्पन्न समजून खर्च करणारे मालक शहरात ढिगाने आहेत, आणि जाणाऱ्या भाडेकरूचं डिपॉझिट येणाऱ्याच्या डिपॉझिटमधून फेडणारेही. दुसऱ्याची ठेव वापरून टाकायची आणि परत मागितली की भिंतीवरची भोकं मोजायची, हा अप्रामाणिकपणा आहे. सुशिक्षित, कर भरणारी, एरवी सरळ वागणारी माणसं तो करतात म्हणून तो कमी होत नाही.

महाराष्ट्रात मालक भाडेकरूला घाबरतो, त्याला कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं, पण तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. भाड्यात दुरुस्ती परवडेना, चाळी खचल्या, पागडीचा काळा व्यवहार फोफावला. १९७३ साली तर १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही कायद्याने भाडेकरू करून टाकलं. "भाडेकरू ठेवला की घर गेलं" हे आजोबांचं वाक्य तिथून आलं. तेव्हा ते खरं होतं.

आता नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी यापुढे न्याय्य ठरत नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मालकाला यापेक्षा आणखी काय संरक्षण हवं?

पण त्याच कायद्याने मालकावर एक जबाबदारी टाकली आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवणं मालकाचं काम आहे. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य आपल्याकडे पोस्टमनपासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणतात. देशात इतरत्र वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला ते लागू असेल, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला अकरा महिन्यांचीही सूट नाही. खर्च तरी किती? एकूण भाड्यावर, आणि डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून त्या रकमेवर, पाव टक्का मुद्रांक शुल्क. आपल्या २४ हजारांच्या फ्लॅटला अकरा महिन्यांसाठी ते सातशे रुपयांच्या आत बसतं. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं. ऐंशी लाखांच्या मालमत्तेसाठी माणसं दोन हजार रुपये वाचवतात, आणि नंतर भाडेकरू निघत नाही म्हणून पोलीस चौकीत जाऊन बसतात.

सोसायट्यांनीही आपलं तपासावं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचा कर त्या हिशेबात धरायचा नाही. राज्य सरकारचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आहे. तरी दुप्पट-तिप्पट घेणाऱ्या कमिट्या आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, तिची परवानगी मागायची नसते. "बॅचलर नकोत" असा ठराव करून चोवीस वर्षांच्या मुलीची गेटवर उलटतपासणी घेणाऱ्या कमिटीतल्या काकांची मुलगीही कुठे तरी बंगळुरूत घर शोधत असते.

परदेशातल्या मराठी मालकांना एक स्वतंत्र गोष्ट सांगायची आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात बसून बाणेरचा फ्लॅट भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने त्यातून टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, उपकर धरून सहसा ३१.२ टक्के. मालक इथला असता तर पन्नास हजारांच्या आतल्या भाड्याला असं काही करावं लागलं नसतं. ही गोष्ट मालकाला त्याच्या सीएकडून कळलेली असते, भाडेकरूला कुणी सांगत नाही. भाडं आईच्या किंवा चुलतभावाच्या खात्यात टाकायला लावलं म्हणजे मालकाचं अनिवासीपण लपत नाही. उद्या नोटीस येते ती टीडीएस न कापणाऱ्याला, पिंपळे सौदागरच्या त्या पगारदार मुलाला. तुम्ही तिथे घर भाड्याने घेताना घरमालकाकडून प्रत्येक नियम पाळून घेता. इथे तुम्ही घरमालक आहात, तुम्हीही पाळा.

मग भाड्यासाठी घर घेऊच नये का? ज्याच्याकडे तीन चतुर्थांश रक्कम स्वतःची आहे त्याने घ्यावं. नवा टॉवर सोडून आठ-दहा वर्षांची, पूर्णत्वाचा दाखला असलेली, पाण्याची खात्री असलेली इमारत बघावी, जिथे जीएसटी नाही आणि भाडं किती येतं हे आजच समजतं. एक बीएचके लवकर रिकामा होतो आणि लवकर भरतोही, म्हणून एकट्या फ्लॅटवर अवलंबून असणाऱ्याला तो बरा. वर्षाच्या भाड्यातला दहावा हिस्सा दुरुस्तीला बाजूला काढावा. घराचा ताबा देताना खोलीखोलीचे फोटो दोघांनी मिळून काढावेत आणि करारालाच जोडावेत. गळतीचा मेसेज आला की आठवड्यात प्लंबर पाठवावा, तो खर्च पुढच्या प्लायवूडपेक्षा नेहमी कमी असतो. भाडेकरू तीन वर्षं टिकला तर दोन वेळची एजंटची फी आणि दोन रिकामे महिने वाचतात. चांगल्या भाडेकरूला हजार रुपयांच्या वाढीसाठी घालवणारा मालक स्वतःचे पन्नास हजार घालवतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा आणला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच ठेवलं आहे, आणि घराचा ताबा परत घेतानाच ते, देणी कापून, परत करायला सांगितलं आहे. तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. आपल्या राज्याने एवढी दोन कलमं तरी घ्यावीत. त्यासाठी भाडेकरूंची संघटना नाही, त्यांचा नगरसेवक नाही, कारण त्यांचं मतदान गावाकडे असतं. म्हणून ही मागणी मालकांनीच करायला हवी, आणि ती मान्य होईपर्यंत स्वतःपुरती पाळायला हवी.

या रविवारी साइटवर जाणार असाल, तर सॅम्पल फ्लॅट बघून झाल्यावर शेजारच्या तीन वर्षं जुन्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, किती फ्लॅट रिकामे आहेत आणि दोन बीएचके कितीला जातो. आणि तुमचा फ्लॅट आधीच भाड्याने दिलेला असेल, तर भाडेकरूचं डिपॉझिट आत्ता तुमच्या खात्यात शिल्लक आहे का ते बघा. असेल तर सोमवारी त्याची वेगळी एफडी करा. नसेल तर पुढच्या पगारापासून ते साठवायला लागा, कारण तो पैसा तुमचा नाही.